शिराझ: द्राक्षाचं मूळ, वाईनचा स्वभाव आणि आपलं नाशिक

माहीमची_रेवा

मुंबईतल्या कुठल्याही वाईन शॉपमध्ये देशी लाल वाईनच्या फळीवर शिराझ हे नाव हमखास दिसतं, एकटं किंवा कॅबर्ने या दुसऱ्या लाल द्राक्षाच्या जोडीने. पिणाऱ्या मंडळींत तिच्याबद्दल दोन गोष्टी ठाम मानल्या जातात. एक, हे द्राक्ष इराणमधल्या शिराझ शहरातून युरोपात गेलं. दोन, शिराझ म्हणजे जड, गच्च, गोडसर वाईन. पहिली गोष्ट चुकीची आहे. दुसरी अर्धीच खरी आहे, आणि उरलेला अर्धा भाग नाशिकच्या बागांसाठी फार महत्त्वाचा आहे. म्हणून हा धागा.

आधी दंतकथा. गास्पार द स्तेरिंबेर्ग नावाचा एक सरदार १२२४ मध्ये धर्मयुद्धावरून परतला आणि फ्रान्समधल्या रोन नदीकाठच्या एका टेकडीवर मठी बांधून एकांतात राहिला. त्याने तिथे द्राक्षं लावली आणि टेकडीला एर्मिताज (म्हणजे मठी) हे नाव पडलं. तो ज्या मोहिमेवर होता ती दक्षिण फ्रान्समधलीच, तरी पुढे सांगणाऱ्यांनी त्याला थेट पर्शियातून वेल घेऊन आणलं. दुसऱ्या कथेत रोमन सम्राट प्रोबसचं सैन्य सिसिलीतल्या सिराक्यूजहून हे द्राक्ष आणतं. दोन्ही कथांना नावाच्या उच्चारापलीकडे कसलाही आधार नाही.

निकाल लागला १९९८ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बोवर्स यांनी फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांसोबत डीएनए तपासून या द्राक्षाचे आईबाप शोधले. आई मोंदूझ ब्लाँश, आल्प्सच्या पायथ्याच्या सावुआ भागातलं पांढरं द्राक्ष. बाप द्युरेझा, रोनच्या पश्चिमेकडच्या आर्देश भागातलं काळं द्राक्ष. दोन्ही जाती तिथल्याच. दोघांच्या हद्दी जिथे एकमेकींना भिडतात तिथे, म्हणजे रोनच्या वरच्या खोऱ्यात, कधीतरी वाऱ्याने परागकण उडाले आणि एक बी रुजलं. कुणी ठरवून संकर केलेला नाही.

मला या शोधातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की दोन्ही आईबाप अगदी साधे. द्युरेझा विसाव्या शतकात जवळजवळ नामशेष झालं होतं. मोंदूझ ब्लाँशही आज फार थोडं उरलंय. त्यांच्या पोटी जगातलं एक थोर लाल द्राक्ष जन्माला आलं. घराणं शोधायला गेलं तर धागे मात्र मोठ्या घरांशी जुळतात. द्युरेझाच्या बाजूने पिनो हे नामवंत द्राक्ष बहुधा शिराझचा पणजोबा लागतो. मोंदूझ ब्लाँशच्या बाजूने व्हियोन्ये हे सुवासिक पांढरं द्राक्ष तिचं सावत्र भावंड किंवा आजोबा आहे. रोनच्या वरच्या खोऱ्यातल्या कोत-रोतीच्या उतारांवर शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सिराहमध्ये (शिराझचं फ्रेंच नाव) थोडं व्हियोन्ये मिसळून एकत्र आंबवत आले (नियमाने २० टक्क्यांपर्यंत चालतं), तेव्हा ते नात्यातलीच दोन द्राक्षं एकत्र आणताहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सिराह या नावाचा छापील उल्लेख १७८१ चा आहे, एर्मिताजच्या संदर्भातला. त्या टेकडीचा तेव्हा इतका दबदबा होता की अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बोर्डोचे व्यापारी आपली फिकी वाईन दमदार करायला तिच्यात एर्मिताजची वाईन घालत, आणि हे लपवत नसत. अशी वाईन जास्त भावाने विकली जायची. ही अख्खी टेकडी सुमारे १३५ हेक्टरची. आपल्याकडच्या हिशेबात तीनशे-साडेतीनशे एकर!

स्वभावाबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. रसायनशास्त्राचं कुणी इथे असेल तर मिऱ्याच्या वासाबद्दल जरूर लिहा.

कोकमसार

रेवाताई, फार सुंदर लिहिलंय. पण मग शिराझ शहराची वाईन हा काय प्रकार होता? फारसी कवितेत तिचा उल्लेख इतक्यांदा येतो, तो नुसता कल्पनेतला नसणार. आणि आपले इराणी हॉटेलवाले तिकडचेच ना?

जुनापुराणा

कोकमसार, शिराझची वाईन खरीच होती आणि नामांकित होती. सतराव्या शतकात तिथे गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी तिची तपशीलवार वर्णनं लिहून ठेवली आहेत. तावर्निये त्यातला एक, तोच जो गोवळकोंड्याच्या हिऱ्यांबद्दल लिहितो. इंग्रज आणि डच कंपन्यांचे लोक ती वाईन इराणी आखातातल्या बंदरांवरून जहाजात भरून हिंदुस्थानात आणत. त्यामुळे शिराझची वाईन पश्चिम किनाऱ्यावर तीन-चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेलेली आहे. फक्त ती आजच्या शिराझ द्राक्षाची नव्हती. त्या वर्णनांतली बरीचशी वाईन पांढरी किंवा सोनेरी आहे. शहर आणि द्राक्ष यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

इराणी हॉटेलवाल्यांचं म्हणाल तर मुंबईत आलेली ती कुटुंबं मुख्यतः यझ्द आणि कर्मान भागातली. शिराझ तिथून बरंच लांब.

वसईवाला

वाचतोय. आमच्याकडे नाताळच्या आधी काळ्या द्राक्षाची वाईन घरोघरी करतात, ईस्ट इंडियन (इथली जुनी ख्रिस्ती) मंडळी तर नेमाने. बरणीत द्राक्षं, साखर, थोडे गहू, यीस्ट. रंग अगदी गडद येतो. ती द्राक्षं शिराझच्या जातीची असू शकतात का?

माहीमची_रेवा

वसईवाला, नाही. बाजारात खायला येणारी काळी द्राक्षं म्हणजे बिनबियांची शरद सीडलेस किंवा त्या गटातली, नाहीतर बेंगळुरूकडची बेंगलोर ब्लू. बेंगलोर ब्लू म्हणजेच इझाबेला, तिच्यात अमेरिकन जंगली द्राक्षाचं रक्त आहे. द्राक्षाच्या सरबताचा, चॉकलेट-गोळ्यांचा जो ओळखीचा वास असतो तो तिचा. शिराझचे मणी बारीक, लांबट गोल, निळसर काळे, जाड सालीचे आणि बिया असलेले. तोंडात टाकले तर गोड लागतात पण साल चावली की जीभ तुरट होते. फळवाल्याच्या टोपलीत त्यांना कुणी विचारणार नाही.

रसायनी

रेवाताईंनी मिऱ्याचा विषय काढलाय. माझा अतिशय आवडता विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

सिराहला काळ्या मिऱ्याचा वास येतो हे लोक फार पूर्वीपासून म्हणत होते, पण तो वास कशाचा हे कळत नव्हतं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तो रेणू पकडला: रोटंडोन. नवल असं की खऱ्या मिऱ्याच्या वासातही हाच रेणू मोठा वाटा उचलतो, आणि तोवर मिऱ्यातही तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. सिराहला मिऱ्यासारखा वास येतो असं म्हणण्यापेक्षा तिच्यात मिऱ्याचाच वास असतो असं म्हणायला हवं.

आता आपल्या घरातली गोष्ट. रोटंडोन हे नाव आलं सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून, कारण १९६० च्या दशकात तो प्रथम तिच्या गाठींतून वेगळा केला गेला. ही वनस्पती म्हणजे आपला लव्हाळा! शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, कितीही खुरपा, गाठीतून परत फुटतो. याच गाठी नागरमोथा म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात आणि दिवाळीच्या उटण्यात पडतात. नागरमोथ्याची एक गाठ कुटून हुंगा. मातकट, लाकडासारखा, किंचित तिखट वास येतो. मग थोड्या थंड प्रदेशातली सिराह हुंगा. ज्यांनी लहानपणी पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान केलंय त्यांना ही वाईन समजायला परदेशी पुस्तकातल्या बेरींची नावं पाठ करायची गरज नाही.

हा रेणू अत्यंत सूक्ष्म प्रमाणात जाणवतो. लाल वाईनमध्ये एका लिटरला १६ नॅनोग्रॅम एवढा पुरतो. पण सुमारे पाचात एका माणसाला तो अजिबात जाणवत नाही, प्रमाण कितीही वाढवलं तरी. त्यामुळे एकाच टेबलावर एकजण "काय मिरी आहे!" म्हणतो आणि दुसऱ्याला नुसता फळांचा वास येतो, तेव्हा दोघंही खरं सांगत असतात.

रोटंडोन मण्याच्या सालीत साठतो, तोही पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात. घड थंड आणि सावलीत राहिले की जास्त, उन्हात तापले की कमी. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात घडाभोवतीचं तापमान २५ अंशांच्या वर जितका वेळ राहतं तितका तो घटतो असं दिसलं. म्हणून रोनच्या वरच्या खोऱ्यात मिरी आणि ऑस्ट्रेलियातल्या बरोसासारख्या गरम भागात जांभूळ, चॉकलेट, मुरांबा. द्राक्ष तेच असतं.

नाशिकमध्ये पिकण्याच्या काळात दुपारी किती तापतं हे कुणी सांगेल का?

निफाडकर

मी सांगतो. आमच्याकडे खायची द्राक्षं आहेत, आणि काही एकर वाईनची. त्यात शिराझ आहे.

आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. युरोपात पानगळ होते, बर्फ पडतं, वेल विश्रांती घेतो. इथे तो वर्षभर वाढत राहील, म्हणून आपण दोन छाटण्या करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. मग पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. डोळ्यांना पेस्ट लावतो, फुटवे एकसारखे यावेत म्हणून. तिथून साधारण पाच महिन्यांनी शिराझ तोडायला येते, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

रसायनी साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. रोनमध्ये द्राक्ष सप्टेंबरात पिकतं, दिवस थंड होत जातात. आमच्याकडे उलटं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, मण्यांची वाढ अडते. मण्यात पाणी उतरतं (म्हणजे ते मऊ पडून पिकायला लागतात) तेव्हा रात्री अजून गार असतात. पण गोडी भरायला लागते तसं ऊन रोज चढत जातं. फेब्रुवारीच्या शेवटी दुपार ३२-३३ वर जाते, मार्चमध्ये त्याहून वर. ज्या पंधरवड्यात वास साठायचा, त्याच पंधरवड्यात ऊन सगळ्यात जास्त.

त्यात शिराझची एक खोड आहे. पिकत आली की थांबत नाही. कॅबर्ने चार-सहा दिवस थांबून घेते. शिराझचा मणी दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, साल सुरकुतते, आम्ल झपाट्याने उतरतं. वाईनरीला २३-२४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) लागतो, पण नुसत्या ब्रिक्सच्या मागे लागलं तर हातात साखर येते आणि आंबटपणा गेलेला असतो. मग टाकीत टार्टारिक आम्ल घालावं लागतं. आम्ही तोडणी रात्री दिवे लावून करतो, पहाटे माल गार असतानाच पोचवतो. तोडायचा दिवस ठरवायला रोज सकाळी ओळीत फिरून मणी खायचे, बी दाताखाली फोडून बघायची. बी हिरवट असली तर अजून वेळ आहे, तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली की तयारी करायची. मीटर तेवढं सांगत नाही.

उन्हाच्या बाजूची पानं ठेवायची की काढायची हाही वाद आहे. खायच्या द्राक्षात हवा खेळावी, भुरी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून पानं काढायची सवय हाताला लागलेली. शिराझला पश्चिमेकडची पानं राहू दिली तर दुपारच्या उन्हात घड भाजत नाहीत. आमच्याकडे तशी ठेवलेली ओळ आणि मोकळी केलेली ओळ चाखली तर फरक स्पष्ट कळतो. आता वासाचं कारणही कळलं.

आणि हेही सांगतो. मागे मंदी आली तेव्हा ज्या वाईनरीशी आमचा करार होता तिने ऐन हंगामात माल उचलला नाही. वाईनचं द्राक्ष मार्केटला विकता येत नाही, बेदाणाही होत नाही. आमच्या भागात कित्येकांनी वाईनच्या बागा तोडून पुन्हा थॉमसन या खायच्या जातीची कलमं केली. आम्ही शिराझ ठेवली. आज तेच वेल सगळ्यात चांगला माल देतात.

लालबागची_मीनल

निफाडकर दादा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा. रात्रीच्या तोडणीचं माहीतच नव्हतं.

रेवा, एक विचारायचं होतं. काही बाटल्यांवर शिराझ लिहिलेलं असतं, काहींवर सिराह. दोन्ही एकच ना? मग फरक का करतात? आणि पेटिट सिराह म्हणजे लहान सिराह का?

माहीमची_रेवा

द्राक्ष एकच. शिराझ हे रूप ऑस्ट्रेलियात रुजलं. जेम्स बस्बी नावाच्या माणसाने १८३१ मध्ये फ्रान्स-स्पेन फिरून शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि १८३२ मध्ये त्या सिडनीला पोचल्या. त्यात हीही होती. पुढे तिथे मोठी गोष्ट घडली. १८६० च्या दशकापासून फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्समधल्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि तिथल्या वेलांना अमेरिकन खुंटावर कलम करून घ्यावं लागलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कीड पोचलीच नाही. म्हणून बरोसा खोऱ्यात १८४० च्या दशकात लावलेले शिराझचे वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत आणि फळ देताहेत. मनगटाएवढ्या फांद्या, वेडंवाकडं खोड, मोजके घड. या द्राक्षाचे इतके म्हातारे वेल तिच्या जन्मभूमीत शोधून सापडायचे नाहीत.

निफाडकर, तुम्ही बागा तोडल्याचं लिहिलंत ते वाचून फार वाईट वाटलं, कारण ऑस्ट्रेलियातही हेच झालं. १९८० च्या दशकात वाईनचा सुकाळ झाला म्हणून सरकारने पैसे देऊन वेल उपटायला लावले आणि शंभर वर्षांची शिराझ त्यात गेली. मॅक्स शूबर्टने १९५१ मध्ये पेनफोल्ड्स या तिथल्या वाईनरीत ग्रेंज या पुढे नावाजलेल्या वाईनचा पहिला प्रयोग मुख्यतः याच द्राक्षावर केला होता, हे डोळ्यांसमोर असतानाही! फ्रान्समध्ये तरी काय, १९५८ साली सिराहखाली जेमतेम १६०० हेक्टर होते, आज साठ हजारांच्या वर आहेत. तुम्ही वेल ठेवलेत याबद्दल मनापासून धन्यवाद.

मीनल, हल्ली बाटलीवर सिराह लिहिलं की उत्पादकाला फ्रेंच वळणाची, हलकी, मिरीदार वाईन सुचवायची असते, आणि शिराझ म्हटलं की भरगच्च. हा नियम नाही, संकेत आहे, आणि आपल्याकडे तो सगळे पाळत नाहीत. पेटिट सिराह हे सिराहचं अपत्य: एकोणिसाव्या शतकात फ्रान्सुआ द्युरिफ यांच्याकडे सिराह आणि पेलूर्सें यांच्या संकरातून आलेलं द्युरिफ हे द्राक्ष. कॅलिफोर्नियात त्याला ते नाव मिळालं.

कोकमसार

आता प्यायचं कशाबरोबर आणि कशी तेही सांगा. माझ्याकडे एक देशी रिझर्व्ह शिराझ आहे. मागची बाटली उघडली तेव्हा नाकात नुसता अल्कोहोलचा भपका आला.

माहीमची_रेवा

बाटली कुठे ठेवली होतीत? स्वयंपाकघरातल्या माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर असेल तर आधी तिथून हलवा. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे, १६ ते १८ अंशांचा. मुंबईत ऑक्टोबरात घरात ३० असतं. त्या तापमानाला शिराझमधलं अल्कोहोल (साधारण १३-१४ टक्के) आधी उडतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. नाशिकच्या शिराझवर 'जड' असा जो शिक्का बसलाय त्यातला मोठा हिस्सा आपल्या गरम खोल्यांचा आहे असं माझं ठाम मत आहे. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, मग उघडा. पेल्यात थोडीच ओता, कारण इथे ती दहा मिनिटांत पुन्हा तापते.

उघडल्यावर रबरासारखा किंवा जळक्या काडीसारखा वास आला तर घाबरू नका. सिराहला आंबताना हवा कमी पडली की तो येतो. जगमध्ये ओतून थोडा वेळ राहू दिली की बहुतेकदा जातो.

जेवणात मटण हवंच. पण झणझणीत रस्सा नको, सालीतल्या टॅनिनचा तुरटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना वाढवतात. पांढरा रस्सा, मिरीवर केलेलं सुकं मटण, खिमा, भाजलेली चाप. शाकाहारी असाल तर वांग्याचं भरीत किंवा मशरूम. सुरमई-बांगड्याबरोबर मात्र ही वाईन लोखंडासारखी लागते, तिथे पांढरीच घ्या.

वसईवाला

आमच्या ईस्ट इंडियन बाटली मसाल्यातलं मटण कसं जाईल?

माहीमची_रेवा

मिरची बेताची असेल तर उत्तम. त्यात मिरी आणि मसाल्याची उष्णता असते, ती शिराझला मानवते.

रसायनी

एक सुचवतो. एका संध्याकाळी तीन बाटल्या शेजारी ठेवून, कागदात गुंडाळून चाखूया: एक रोनकाठची क्रोझ-एर्मिताज, एक बरोसा, एक आपल्या दिंडोरीची. सगळ्या १६ अंशांवर. मी मिरी आणि नागरमोथा कुटून आणतो, म्हणजे ज्यांना रोटंडोन जाणवत नाही त्यांचाही पत्ता लागेल.

माहीमची_रेवा

माझं घर खुलं आहे, पण आठ जणांपेक्षा जास्त मावणार नाहीत. व्यक्तिगत निरोप टाका.

निफाडकर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ठेवू नका, तेव्हा मला बाग सोडून येता येणार नाही. आधी ठेवलीत तर पानं राखलेल्या ओळीची वेगळी काढलेली वाईन घेऊन येतो. वाईनरीने माझ्यासाठी थोडी बाजूला भरून दिली आहे. लेबल नाही, तेव्हा कागदात गुंडाळायचं कामही वाचेल. चौथी बाटली म्हणून ठेवा.